केस ‘जुळला’ म्हणजे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘घटनास्थळी सापडलेला केस संगणकाने आरोपीशी जुळवला’ अशी बातमी वाचनात येते. डिजिटल प्रतिमा विश्लेषणाने, म्हणजे मायक्रोस्कोपमधून घेतलेल्या फोटोवर संगणकाने, केस मोजता येतो. तो कुणाचा हे त्यातून कळत नाही.

मोजणी मोलाचीच आहे. कुऱ्हाडीच्या पात्याला चिकटलेला केस शेळीचा, असा बचाव आला तर केसाच्या मधली मज्जेची पट्टी पाहतात. तिच्या रुंदीला केसाच्या रुंदीने भागायचे. माणसात उत्तर साधारण एक तृतीयांशाच्या आत, बहुतेक जनावरांत निम्मे किंवा जास्त. हे पडद्यावर दहा ठिकाणी मोजता येते आणि दुसरा तज्ज्ञ त्याच फोटोवर ते पडताळू शकतो.

घोळ होतो रंगात. जाड केसातून उजेड कमी पार होतो, म्हणून तो गडद दिसतो. कॅमेरा ‘ऑटो’वर राहिला तर एकाच केसाचे रंगाचे आकडे फोटोगणिक बदलतात. त्यामुळे एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) लॉक हवेत, घटनास्थळचा आणि आरोपीचा असे दोन्ही केस काचपट्टीवर एकाच माध्यमात (द्रवात) बसवलेले हवेत, आणि प्रत्येक भिंगासाठी स्टेज मायक्रोमीटरने (बारीक घरे कोरलेली काचपट्टी, एक घर 10 मायक्रॉन) मोजपट्टी ठरवलेली हवी. फाइल टिफमध्येच (तपशील न गाळणाऱ्या प्रकारात) ठेवावी. जेपीजीत केसाच्या पृष्ठभागावरच्या खवल्यांच्या कडा पुसट होतात. मेंदी, कलप लावलेला असेल तर त्याची नोंद आधी.

खरे काम बिघडते ते आरोपीच्या केसांचा नमुना घेताना. एकाच डोक्यावरचे केस एकसारखे नसतात. कपाळ, टाळू, दोन्ही बाजू आणि मानेकडचा भाग मिळून किमान 25 केस, काही विंचरून, काही मुळासह उपटून घ्यावेत. कात्रीने कापलेल्या चार केसांवर कुठलेही सॉफ्टवेअर काही सांगू शकत नाही. पुडी कागदाची हवी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात प्लॅस्टिकमधला ओलसर केस बुरशी धरतो.

अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेने 2015 मध्ये जुन्या खटल्यांतल्या केसांविषयीच्या तज्ज्ञ-साक्षींचा फेरआढावा जाहीर केला. तपासलेल्या साक्षींपैकी किमान 90 टक्क्यांत चुकीची विधाने निघाली. दोष मायक्रोस्कोपचा नव्हता. दिसले त्यापेक्षा जास्त बोलले गेले होते. ओळख पटवायची तर डीएनएच हवा, आणि त्यात केस खर्ची पडतो, म्हणून फोटो आधी. मुळाला पेशी नसतील तर बहुधा मायटोकाँड्रियल डीएनएवरच (फक्त आईकडून मुलांत येणाऱ्या डीएनएवर) भागवावे लागते, आणि तो आई, भावंडे, मावशी अशा नात्यात सारखा असतो.

छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या न्यायसहायक प्रयोगशाळांच्या केसांच्या तपासणी-अहवालांसोबत मूळ प्रतिमा, मोजपट्टी, कॅमेऱ्याची सेटिंग आणि हॅश मूल्य (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा) जोडले जावे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश द्यावाच लागतो. आणि निष्कर्षात ‘जुळला’ऐवजी ‘या व्यक्तीला वगळता येत नाही’ एवढेच लिहावे. बातमीतही तेवढेच यावे, ही विनंती.

— न्यायसहायक विज्ञानाचे अभ्यासक, छत्रपती संभाजीनगर