राजवाडा हाती आला, तिजोरी नाही

महोदय,

नोव्हेंबर आला की रशियन क्रांतीवर लेख छापून येतात आणि त्यांतले बरेच राजधानी पेत्रोग्रादमधल्या हिवाळी राजवाड्याच्या दारातच संपतात. तोफ धडाडली, हंगामी सरकारच्या मंत्र्यांना अटक झाली, लेनिनच्या बोल्शेविक पक्षाचे सरकार आले. 7 नोव्हेंबर 1917 च्या रात्री (जुन्या रशियन कालगणनेनुसार 25 ऑक्टोबर) हे घडले खरे, पण दुसऱ्या दिवशी त्या सरकारचा हुकूम मानायला सरकारी कचेऱ्यांतला कारकूनही तयार नव्हता. हे सांगितले नाही तर पुढची पाच वर्षे कळत नाहीत, म्हणून हे पत्र.

नवे लोककोमिसार, म्हणजे नव्या सरकारचे मंत्री, आपापल्या खात्यांत गेले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. सर्वांत मोठी अडचण सरकारी बँकेत झाली. या सरकारला आम्ही कायदेशीर मानत नाही, त्यामुळे त्याच्या सहीवर पैसे देणार नाही, असे बँकेने कळवले. सैनिक दाराशी उभे करता येतात, पण खाती आणि नोंदवह्या कोणाला तरी चालवाव्या लागतात. संचालक बडतर्फ झाले, संपकऱ्यांना नोकरी आणि निवृत्तिवेतन जाईल अशा धमक्या मिळाल्या. अखेर नोव्हेंबरात सशस्त्र पहाऱ्यात 50 लाख रूबल पोत्यांत भरून सरकारच्या मुख्यालयात, स्मोल्नीत नेण्यात आले. सत्ता घेऊन तीन आठवडे उलटल्यावर सरकारच्या हाती आलेली ही रोकड होती. 27 डिसेंबरला खासगी बँका सैनिकांनी ताब्यात घेतल्या, त्या सरकारी बँकेत विलीन केल्या आणि तिजोऱ्यांतले सोने जप्त केले.

‘चेका’ची स्थापना 20 डिसेंबरची. हे गुप्त पोलीस खाते यादवी युद्धासाठी निघाले असे सरसकट लिहिले जाते. प्रत्यक्षात तातडीचे निमित्त सरकारी नोकरांच्या देशव्यापी संपाची भीती हे होते. त्याचा प्रमुख द्झेर्झिन्स्की याच्या हाती ते आधी प्रशासन चालू ठेवण्याचे हत्यार म्हणून आले. लाल दहशतीचा, म्हणजे विरोधकांना डांबण्याचा आणि गोळ्या घालण्याचा, अधिकृत हुकूम 5 सप्टेंबर 1918 चा आहे, पेत्रोग्रादच्या चेकाचा प्रमुख उरित्स्की याचा खून आणि लेनिनवरचा गोळीबार यांनंतरचा.

देशाची राज्यघटना ठरवण्यासाठी निवडलेल्या संविधान सभेबद्दलही अर्धेच सांगितले जाते. निवडणुकीत बोल्शेविकांना साधारण एक चतुर्थांश मते पडली, समाजवादी क्रांतिकारक पक्ष कितीतरी पुढे होता. 18 जानेवारी 1918 ला सभा भरली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पहारेकऱ्यांनी ती उठवली. मग देश तेव्हाच का पेटला नाही? मते कुठे पडली ते पाहिले की उत्तर सापडते. पेत्रोग्राद आणि मॉस्कोत बोल्शेविक पहिले होते, पश्चिम आघाडीच्या सैन्यात त्यांचे स्पष्ट बहुमत होते. विरोधकांची मते दूरच्या खेड्यांत होती आणि त्या खेड्यांना हवी ती जमीन सत्ता घेताच काढलेल्या भूमी-हुकमाने आधीच देऊन टाकली होती. हुकमाचा मजकूर तर खुद्द समाजवादी क्रांतिकारकांच्या कार्यक्रमातून उचललेला होता!

पुढे जुलै 1918 च्या राज्यघटनेने हे गणितच बदलले. अखिल रशियन सोव्हिएत काँग्रेसमध्ये, म्हणजे कामगार-शेतकऱ्यांच्या परिषदांच्या (सोव्हिएतांच्या) सर्वोच्च सभेत, शहरांना 25,000 मतदारांमागे एक प्रतिनिधी मिळाला, प्रांतांना 1,25,000 रहिवाशांमागे एक. एकीकडे मतदार मोजले, दुसरीकडे मुलाबाळांसकट लोकसंख्या, त्यामुळे ‘पाचपट’ म्हणणे काटेकोर नाही, तरी शेतकऱ्याचे मत हलके झाले ते झालेच. धर्मगुरू, खासगी व्यापारी, मजूर लावणारे आणि जुने पोलीस यांचा मताधिकारच गेला. वरच्या पातळीवरच्या निवडणुका अप्रत्यक्ष होत्या, त्यामुळे खालून आलेला विरोध पायरीपायरीने गाळला जाई.

यादवी युद्धात बोल्शेविकांच्या ‘लाल’ सेनेची आधी स्वयंसेवकांवर भिस्त होती, ती पुरली नाही. मे 1918 मध्ये सक्ती आली, अधिकारी निवडून देण्याची पद्धत बंद झाली आणि युद्धखात्याचा प्रमुख ट्रॉट्स्की याने झारच्या फौजेतले हजारो अधिकारी परत घेतले. त्यांच्या हुकमावर पक्षाने नेमलेल्या राजकीय कोमिसारची सही लागे, फितुरी केल्यास कुटुंबाला अटक होई. पळून जाणाऱ्यांची संख्या तरीही प्रचंड होती. मात्र देशाचा मध्यभाग, मॉस्कोहून चहूकडे जाणारे लोहमार्ग आणि तूलाचा शस्त्र कारखाना लालांकडे होता. विरोधी ‘पांढऱ्या’ फौजांचे सेनानी कोल्चाक सैबेरियात, देनिकिन दक्षिणेत, युदेनिच बाल्टिककडे, अशा एकमेकांपासून तुटलेल्या आघाड्यांवर लालांना तुकड्या आलटून पालटून हलवता आल्या.

सर्वांत महाग पडली ती धान्याची व्यवस्था. जून 1918 मध्ये खेड्यांत ‘गरीब शेतकऱ्यांच्या समित्या’ काढल्या. त्यांनी मध्यम शेतकरीच दुखावला, म्हणून वर्षअखेर त्या गुंडाळाव्या लागल्या. 11 जानेवारी 1919 पासून ‘प्रोद्राझव्योर्स्तका’, म्हणजे सक्तीची धान्यवसुली, आली. सरकारला किती धान्य लागेल हे आधी ठरायचे, मग तो आकडा प्रांत, जिल्हा, गाव असा खाली वाटला जायचा. शेतात काय पिकले हा प्रश्न नंतरचा. पथके बियाणेही उचलू लागली, तेव्हा शेतकऱ्याने पेराच कमी केला. त्यात दुष्काळ पडला आणि 1921–22 मध्ये व्होल्गाच्या खोऱ्यात लाखो माणसे अन्नावाचून मेली. ज्या धान्याने लाल सेना जगली, त्याची ही किंमत होती. ती प्रत्येक लेखात यायला हवी, असे मला कळकळीने वाटते.

मार्च 1921 मध्ये पेत्रोग्रादजवळच्या क्रोनश्टाट या नौदल तळावरचे खलाशी सरकारविरुद्ध उठले. त्याच दिवसांत दहाव्या पक्ष काँग्रेसने वसुलीऐवजी धान्यकर आणून खेडी शांत केली आणि त्याच बैठकीत पक्षांतर्गत गटांवर बंदी घातली. सवलत आठवते, बंदी विसरली जाते. त्या ठरावाच्या सातव्या कलमाने केंद्रीय समितीच्या सदस्यालाही दोन तृतीयांश मतांनी पक्षाबाहेर काढण्याची सोय केली. हे कलम तेव्हा छापलेच नाही. एप्रिल 1922 मध्ये स्टालिन सरचिटणीस झाला आणि जानेवारी 1924 मध्ये त्यानेच ते उघड केले. तोवर जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पक्षसचिवांच्या नेमणुका त्याच्या कचेरीतून होऊ लागल्या होत्या.

आपला,
आधुनिक इतिहासाचा एक अभ्यासक