‘विक्रमादित्य’ जन्माने क्रूझर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील, भारतीय नौदलाच्या ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवरचा लेख आवडला. फक्त ‘ही मूळची सोव्हिएत विमानवाहू नौका’ हे वाक्य खटकले. सोव्हिएत नौदलाच्या दप्तरी तिची नोंद ‘जड विमानवाहू क्रूझर’ अशी होती. क्रूझर म्हणजे तोफा-क्षेपणास्त्रांनी लढणारी मोठी युद्धनौका. एवढ्याशा शब्दासाठी पत्र कशाला, असे कोणी म्हणेल. पण तिच्या पुढच्या सगळ्या कथेचे मूळ याच शब्दात आहे.

काळ्या समुद्रातून बाहेर पडायचे तर तुर्कस्तानच्या सामुद्रधुन्या ओलांडाव्या लागतात आणि तिथे जुलै 1936 चा माँत्रो करार लागू आहे. काळ्या समुद्राकाठच्या देशांना त्यातून मोठ्या युद्धनौका नेता येतात, विमानवाहू नौकांना मात्र ही सवलत नाही. ‘जिचे मुख्य काम विमाने वाहण्याचे’ ती विमानवाहू, अशी करारातली व्याख्या. नुसता डेक बसवला म्हणून कोणतीही नौका त्यात मोडत नाही. काळ्या समुद्राकाठी निकोलायेव्हच्या गोदीत बांधलेली ‘विक्रमादित्य’च्या वर्गातली पहिली नौका ‘कीव्ह’ जुलै 1976 मध्ये याच आधारावर बॉस्फोरस या सामुद्रधुनीतून बाहेर पडली. करार होऊन बरोबर चाळीस वर्षे झाली होती.

मात्र ही नुसती चलाखी होती असे मला वाटत नाही. आपली ‘विक्रमादित्य’ म्हणजे याच वर्गातली चौथी नौका ‘बाकू’, 1987 च्या अखेरीस सोव्हिएत नौदलात आली. तिचा तिरका डेक नाळेपर्यंत, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकापर्यंत, पोचतच नव्हता. पुढच्या भागात ‘बझाल्त’ क्षेपणास्त्रांच्या बारा जाडजूड नळ्या जोडीजोडीने बसवलेल्या, पल्ला पाचशे किलोमीटरच्या वर. शिवाय 100 मिलिमीटरच्या दोन तोफा. आणि विमान कोणते, तर याक-38! सरळ वर उडणारे, पण त्यात भार जेमतेम, पल्ला तोकडा, रडार नाही. उष्ण हवेत तर त्याचा दम आणखीच निघे. डेकवर उष्णतारोधक फरशा बसवाव्या लागत, नाहीतर खालचे पोलाद जळायचे. थोडक्यात, शत्रूच्या नौकांवर वार करायचा तो क्षेपणास्त्रांनी. विमाने मदतीला, आणि पाणबुड्या हुडकायला हेलिकॉप्टर. याला क्रूझर नाही तर काय म्हणायचे?

पुढे तिला अ‍ॅडमिरल गोर्शकोव्ह यांचे नाव दिले गेले. 1956 ते 1985 या काळात सोव्हिएत नौदल त्यांच्या हाताखाली होते. सोव्हिएत संघ कोसळला, 1994 मध्ये नौकेवर आग लागली आणि 1996 मध्ये तिला सेवेतून काढले.

मग जानेवारी 2004 चा आपला रशियाशी करार. नौका फुकट, पैसे फक्त दुरुस्तीचे! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात. इथे तर कोंबडीचे काहीच पडले नव्हते. 97 कोटी डॉलरचा आकडा 2010 पर्यंत 230 कोटींच्या वर गेला. कारण उघड आहे. क्रूझरचा पुढचा भाग साफ करून तिथे 14 अंशांचा स्की जंप, म्हणजे विमानांना उडायला वर चढत जाणारा उतार, उभारायचा, डेक टोकापासून टोकापर्यंत न्यायचा, उतरणारी मिग-29के लढाऊ विमाने थांबवायला दोर लावायचे. आतली सुमारे 2,500 दालने, त्यांतली 1,750 नव्याने बांधावी लागली. हा क्रूझर आहे हे खर्चाचा अंदाज बांधणाऱ्यांनी आधी लक्षात घेतले असते तर बरे झाले असते.

माझा विषय बॉयलर. एकतीस वर्षे त्यातच गेली. 2012 च्या चाचण्यांत पूर्ण वेग देताच आठपैकी सात बॉयलर बिघडले. भारताने अ‍ॅस्बेस्टॉस (उष्णता रोखणारे तंतुमय खनिज) नाकारल्यामुळे भट्टीत अग्निरोधक विटा वापराव्या लागल्या, असे रशियाकडून सांगण्यात आले. आमच्या धंद्यातला माणूस यावर हसणार नाही. भट्टी तापली की वीट फुगते, तिला मागे सरकायला अ‍ॅस्बेस्टॉससारखा मऊ थर लागतो. तो नसेल तर वीट तडकते, सुटते आणि मागचा पत्रा थेट ज्वाळेसमोर येतो. अ‍ॅस्बेस्टॉस नको म्हटले ते योग्यच होते. त्याच्या धुळीने फुप्फुसे गेलेली माणसे मी पाहिली आहेत. पण एक थर काढला की अख्खी भट्टी नव्याने आखावी लागते, नुसती वीट बदलून भागत नाही. या घोळात आणखी एक वर्ष गेले. 16 नोव्हेंबर 2013 रोजी रशियातल्या सेवेरोद्विन्स्क येथे ती आपल्या नौदलात आली आणि जानेवारी 2014 मध्ये कारवारला पोचली.

तिची थोरली बहीण ‘कीव्ह’ चीनमध्ये तिआनजिनला पर्यटकांसाठी उभी आहे, तिच्यात हॉटेलही आहे. ‘नोवोरोसिस्क’ भंगारात गेली.

एक विनंती. पुढच्या वेळी लेखासोबत ‘बाकू’चा नाळेकडून घेतलेला एखादा जुना फोटो छापावा. त्यात नळ्या मोजता येतात.

आपला,
एक निवृत्त बॉयलर फिटर, करी रोड, मुंबई