सौर हायड्रोजन : आधी युनिटचा हिशेब मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सौर विजेपासून हायड्रोजन तयार करून त्यावर वाहने चालवण्याविषयीचा लेख आपल्या अंकात वाचला. विषय महत्त्वाचा आहे, पण त्यातला ‘पाण्यावर धावणारी गाडी’ हा शब्दप्रयोग खटकला. पाणी हे इंधन नव्हे. लाकूड जळून राख उरते, तसे हायड्रोजन जळून पाणी उरते. या राखेचे पुन्हा लाकूड करायचे, तर जळताना मिळाली त्याहून जास्त ऊर्जा आपल्याला ओतावी लागते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. विद्युत अपघटनाचा, म्हणजे विजेने पाणी फोडून हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे करण्याचा प्रयोग मी मुलांना उन्हात, छोटे सौर पॅनेल लावून करून दाखवते. पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालायचा (मीठ चुकूनही नाही, त्यातून क्लोरीन सुटतो), पेन्सिलीतली दोन शिसे बुडवायची आणि वर परीक्षानळ्या उलट्या धरायच्या. ऋण टोकाकडच्या नळीत वायू दुप्पट जमतो. तो हायड्रोजन. पेटती काडी जवळ नेली की ‘टप्’ असा आवाज होतो आणि मुले ओरडतात. यंदा एका मुलाने विचारले, “बाई, मग गाडीत पाणीच भरायचं ना?” तेवढ्यात दुसऱ्याने पॅनेलवर वही ठेवली. बुडबुडे तिथल्या तिथे थांबले. एक नळी भरायला जवळजवळ अख्खा तास लागला होता, हेही सगळ्यांनी पाहिले होते. मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. तोच इथे देते.

१ किलो हायड्रोजन तयार करायला आजच्या इलेक्ट्रोलायझरला (हेच काम मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या यंत्राला) साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या किलोभर वायूत प्रत्यक्ष वापरता येणारी ऊर्जा सुमारे ३३ युनिट. पुढे तो मोटारीच्या टाकीत मावावा म्हणून ७०० बार, म्हणजे हवेच्या सुमारे ७०० पट दाबाने भरायचा, म्हणजे आणखी वीज. मग फ्युएल सेलमध्ये त्याची पुन्हा वीज करायची, तिथे जवळपास निम्मी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. पॅनेलमधून निघालेल्या १०० युनिटपैकी चाकांपर्यंत जेमतेम ३० पोहोचतात. तीच वीज थेट बॅटरीत भरली, तर ७५ ते ८० पोहोचतात. एक किलो हायड्रोजनवर मोटार साधारण १०० किलोमीटर जाते. तो किलो बनवायला लागणाऱ्या विजेवर बॅटरीची मोटार ३०० किलोमीटर जाईल. १ किलोवॉटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला ४ युनिट देते असे धरले, तर एका किलोसाठी तेरा दिवस लागतील. रोजच्या ये-जा करणाऱ्या छोट्या गाडीसाठी हा व्यवहार मला तरी पटत नाही.

पॅनेलवर वही ठेवली की काय होते, हा प्रश्न तर याहून मोठा आहे. सूर्य मावळला की इलेक्ट्रोलायझर बंद. महागडे यंत्र दिवसाचे बरेच तास रिकामे बसले की कारखानदाराला रात्री ग्रिडची वीज घेण्याचा मोह होणारच. ती वीज कोळशाची असेल, तर एका युनिटमागे सुमारे ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका किलो हायड्रोजनमागे ४५ किलोंच्या वर. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन करण्याच्या जुन्या पद्धतीत हाच आकडा १० किलोंच्या आसपास असतो. दारात सौर पॅनेल आणि रात्री कोळसा, अशा कारखान्याच्या वायूला ‘हरित’ म्हणणे ही फसवणूक ठरेल.

पाणी खूप लागेल ही भीती मला त्या मानाने कमी वाटते. किलोमागे ९ लिटर पाणी फुटते. शुद्धीकरण आणि थंड करणे धरून त्याहून बरेच जास्त, तरी आकडा आवाक्यातला आहे. कोरड्या भागात मात्र तोही आधी विचारात घ्यायला हवा.

मी हायड्रोजनच्या विरोधात नाही. वजनाच्या मानाने त्यात प्रचंड ऊर्जा असते. ३३ युनिट साठवणारी बॅटरी दोनशे किलोंच्या घरात जाते, आणि हायड्रोजनची टाकी काही मिनिटांत भरते. दिवसरात्र लांब पल्ल्यावर धावणारे अवजड ट्रक किंवा विजेच्या तारा नसलेल्या मार्गांवरच्या रेल्वेगाड्या, इथे त्याला वाव आहे; जर्मनीत २०१८ पासून अशी प्रवासी रेल्वे धावली आहे. पण खतासाठी अमोनिया बनवताना आणि तेल शुद्ध करताना आजही प्रचंड हायड्रोजन लागतो, आणि तो जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू व कोळसा यांतून येतो. उन्हातून मिळालेला पहिला किलो तिथे गेला पाहिजे, मोटारीच्या टाकीत नव्हे.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. अशा प्रकल्पाची बातमी देताना तीन गोष्टी विचारून छापाव्यात : किलोमागे किती युनिट वीज लागते, सूर्य नसताना यंत्र कशावर चालते, आणि तयार होणारा वायू नेमका कुठे जाणार आहे. पुढच्या वर्षी हीच कात्रणे मी वर्गात वापरीन.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका