बाबांना खरं सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम,

बाबांची तेरवी आटोपली. पाहुणे गेले आणि पहिलं पत्र तुम्हालाच लिहायला बसलो.

तुमच्याकडे येण्याआधी बाबा कित्येक महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खात होते. जेवण दोन घासांवर आलं, वजन उतरलं, तरी एन्डोस्कोपी करून घ्या असं कुणी म्हटलं नाही. मग नागपुरातल्याच एका नावाजलेल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि बाबा समोर असताना आम्हाला म्हणाले, "घरी न्या, सेवा करा." बाबांकडे मान वळवूनही पाहिलं नाही. त्याचा राग अजून उतरलेला नाही.

तुम्ही टेबलामागची खुर्ची उचलून बाबांच्या शेजारी आणलीत. आम्हा भावंडांना हातानेच थांबवलंत आणि विचारलंत, "काका, तुम्हाला किती सांगू?"

बाबा म्हणाले, "लपवू नका जी. सारं सांगा."

मग तुम्ही चिठ्ठीच्या मागे जठर आणि यकृत काढून दाखवलंत. जठरातलं रक्त आधी यकृतात जातं, म्हणून गाठी तिथे पोचल्या. कॅन्सर जठराचाच, स्टेज चौथी. ऑपरेशनने निघणार नाही, पूर्ण बराही होणार नाही. केमो घेतली तर साधारण वर्षभर, कुणाला जास्त, कुणाला कमी. गाठीत हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे का, तो रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर केमोला ट्रॅस्टुझुमॅब हे त्या प्रथिनावरचं औषध जोडता येईल. (आला, आणि तुम्ही दिलंत.) एवढ्या दवाखान्यांत बाबांच्या आजाराबद्दल बाबांशीच बोललेल्या पहिल्या तुम्ही.

त्यानंतर बाबा सावरले. केमोतल्या ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधामुळे गार काही लागलं की बोटांना झिणझिण्या यायच्या. नागपूरचा मे महिना, घरात भरलेला माठ, आणि हा माणूस कोमट पाणी प्यायचा; कुरकुर नाही. शेताच्या सातबाऱ्यावर आईचं नाव चढवलं. काटोलच्या काकांशी जुना अबोला होता, स्वतः फोन लावला. आंबिया बहाराची संत्री तोडून घेतली, मृगाचीही पाहिली. आपल्याजवळ किती वेळ आहे हे माहीत नसतं, तर यातलं काहीच त्यांनी केलं नसतं.

मोठ्या पदव्यांची माणसं या वर्षात पुष्कळ भेटली. आजारी माणसाला माणूस समजून विचारायला पदवी लागत नाही, तरी ते किती थोड्यांना सुचतं!

आईला तुम्हाला भेटायचं आहे. ओपीडीत गर्दी असेल तर आम्ही बाहेर थांबू, पण भेटल्याशिवाय ती परत यायची नाही.