तापीकाठचं रात्रीचं शहर

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

मॉडेलचे फोटो पाहिले. घुमट सुबक झालेत, पण शंभर वर्षांनंतरचं म्हणून जे शहर केलंस ते कुठलंही वाटतं. आधी एकच नियम ठरव आणि मग त्याच्यामागे जा. डच चित्रकार कॉन्स्टंट १९५६ ते १९७४ 'न्यू बॅबिलॉन' नावाचं कल्पनेतलं शहर करत होता. त्याचा नियम एवढाच, की सगळी कामं यंत्रं करतील. मग कुणाला एका जागी घर कशाला? म्हणून भिंती सरकत्या झाल्या, वस्ती खांबांवर चढली, खालची जमीन मोकळी सुटली.

तुझा नियम उन्हाचा असू दे: दिवसा बाहेर पडता येत नाही, गाव रात्री जागतं. मग शाळा रात्री, बाजार रात्री, गल्ल्या अरुंद, पश्चिमेला खिडकी नाही. काचेचा घुमट तर पहिला जाईल, वैशाखात आतली माणसं भाजतील. त्याजागी जाड मातीचं धाबं, म्हणजे सपाट छप्पर, ठेव.

प्रमाण तपास. ६० × ९० सेंमीच्या पाटावर १:१०० घेतलंस तर ६० × ९० मीटरच जागा मिळते. ती गल्ली झाली, शहर नव्हे. मला गल्लीच बरी वाटते. माणूस १७ मिमीचा, दार २१ मिमीचं, बाजेवर कोण निजलंय तेही दिसतं. १:५०० वर माणूस म्हणजे तांदळाची कणी.

पुठ्ठा वाकलाय, कारण कागद एकाच बाजूला चिकटवलास. फेविकॉल वाळताना कागद आकसतो आणि पुठ्ठ्याला ओढतो. मागूनही तसाच कागद लाव आणि रात्रभर वजनाखाली ठेव. थर्माकोलवर स्प्रे पेंट मारू नकोस, थर्माकोल विरघळतो. धाब्याच्या लेपाला आपली काळी माती नको, वाळली की भेगाळते. पांढरी माती मैद्याच्या चाळणीने चाळ, फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात कालव, आणि पातळ थर दे. पहिला सुकल्याशिवाय दुसरा नाही.

रात्र दाखवायची तर दिवे पिवळसर घे. एलईडीची पट्टी खुणेवरच काप, मधे कापलीस तर तेवढा तुकडा पेटत नाही. पातळ पुठ्ठ्यातून उजेड झिरपतो आणि अख्खं घर कंदिलासारखं दिसतं. आतून स्वयंपाकघरातली फॉइल लाव, मग उजेड फक्त दारातून येईल.

काँगोचा कलाकार किंगेलेझ, त्याची कामं नक्की बघ. कागद, पुठ्ठा, पेयांचे डबे घेऊन त्याने स्वतःच्या खेड्याचं झगमगीत महानगर केलं, १९९४ साली. माणसं मात्र त्यात ठेवली नाहीत. तू ठेव. आणि पाणी कुठून येतं ते दिसू दे. टँकर वळेल एवढा चौक सोड.

ग्लू गनचे जोड बंद गाडीच्या उन्हात सैल पडतात, म्हणून कोपऱ्यांना फेविकॉलच लाव आणि रात्रीच्या गाडीने ने. आईने बिबडे दिलेत, ते मॉडेलच्या खोक्यात कोंबू नकोस.

तुझे अण्णा
भुसावळ