कोळशातलं पान : पर्यावरणमंत्र्यांना चंद्रपूरहून खुले पत्र

मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

मी चंद्रपूरचा. शाळेत विज्ञान शिकवत आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. गेल्या पावसाळ्यात इथल्या एका शाळेत वृक्षारोपणाचा कार्यक्रम होता आणि जुने मास्तर म्हणून मलाही बोलावणं होतं. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की पृथ्वी तापते, थंड होते, हे युगानुयुगं चालत आलं आहे, त्यात माणूस काय करणार? शिवाय शास्त्रज्ञांचीही याबाबत दोन मतं आहेत. टाळ्या पडल्या. मग त्याच पाहुण्यांच्या हस्ते पर्यावरण वाचवण्यासाठी कडुनिंबाचं रोप लागलं. पाहुण्यांचं नाव लिहीत नाही, कारण हे वाक्य त्यांच्या एकट्याचं नाही. चहाच्या टपरीपासून व्यासपीठापर्यंत मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की आता पाठ झालंय.

कार्यक्रम संपल्यावर नववीतली एक मुलगी जवळ आली. म्हणाली, "सर, मग पेपरात काय लिहायचं? पुस्तकात तर माणसामुळे होते असं दिलं आहे."

तिला मी जे सांगितलं तेच आपल्याला कळवतो आहे, आणि शेवटी एक मागणी आहे.

आधी पाहुण्यांच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. चंद्रपूर पूर्वीही तपायचं. शहराचं नाव चांदा होतं तेव्हाही नवतप्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नसे. दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यावर दर तासाला पाणी, खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा. पारा ४५-४६ वर गेला हे आम्हाला नवल नाही, आणि एखाद्या दिवशीचा उच्चांक हा काही जागतिक तापमानवाढीचा पुरावा होत नाही. तो पुरावा म्हणून जे नाचवतात ते आमचंच काम अवघड करून ठेवतात.

उलट बाजूची चूकही इथे रोज कानावर येते. "थर्मल आलं आणि चंद्रपूर तापलं." महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. त्याची राख आमच्या फुप्फुसांत गेली, गच्चीवरच्या पापडांवर बसली, हे अगदी खरं. पण त्याच्या धुराड्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड चंद्रपूरवर तंबू ठोकून बसत नाही. वर्ष-दोन वर्षांत तो जगभर मिसळतो. आमच्या कोळशाची ऊब ग्रीनलंडलाही लागते आणि अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कोळशाची ऊब आमच्या ब्रह्मपुरीच्या धानाच्या बांधीत पोचते. म्हणून गावापुरतं बघून या प्रश्नाचं उत्तर सापडत नाही, ना होकारार्थी ना नकारार्थी.

मग ते सापडतं कुठे? माझ्या टेबलावर तळहाताएवढा राखाडी दगड आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी खाणीबाहेरच्या ओबीच्या ढिगाऱ्यावरून एका विद्यार्थ्याने आणून दिलेला. (ओबी म्हणजे कोळशावरचा काढून टाकलेला दगड-मातीचा थर. तिचे डोंगर झालेत, त्यांवर झुडपं माजली आहेत, आणि आता तिथे वाघही फिरतात. तो विषय आपल्या शेजारच्या खात्याचा, म्हणून सोडतो.) दगडावर पानाचा ठसा आहे. जिभेसारखं लांबट पान, मधोमध ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना जाळीदार बारीक शिरा. भिंगातून पाहिलं तर कालच गळून पडल्यासारखं वाटतं. ही ग्लॉसोप्टेरिस नावाची वनस्पती. २५ कोटी वर्षांहून जुनी. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका एकमेकांना चिकटलेले होते तेव्हाच्या गोंडवन खंडावर हिची जंगलं होती. ती दलदलीत गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्गुस, बल्लारपूरच्या खाणींतून ट्रक भरून निघतो तो हाच.

महोदय, माणसाचा हात आहे की नाही याची साक्ष या पानात आहे. जिवंत झाड हवेतला कार्बन घेतं, तेव्हा त्यात किंचित किरणोत्सारी कार्बन-१४ सुद्धा येतो. झाड मेलं की तो घटू लागतो. साधारण ५,७३० वर्षांत निम्मा, पुन्हा तेवढ्याच काळात त्याच्या निम्मा. २५ कोटी वर्षांनंतर कोळशात त्याचा मागमूस उरत नाही. म्हणजे कोळसा किंवा पेट्रोल जाळून निघालेला वायू हवेत मिसळला तर हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण पातळ व्हायला हवं. ते झालं. हान्स स्यूस या शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये झाडांच्या वलयांवरून ते दाखवून दिलं. पुढे अणुचाचण्यांनी हा हिशेब काही काळ बिघडवला, पण दुसरा साक्षीदार शाबूत होता. वनस्पती कार्बन-१३ (कार्बनचाच जरा जड प्रकार) जरा कमी घेतात, त्यामुळे त्यांच्यापासून झालेल्या कोळशातही तो कमीच असतो. हवेतला त्याचा वाटाही वर्षागणिक घसरतो आहे. दुधात पाणी आहे हे तर कळलंच, पण ते कोणाच्या विहिरीचं हेही चवीवरून कळावं, असं हे आहे.

ज्वालामुखींचं नाव हमखास येतं. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाने सोडलेल्याच्या १ टक्क्याहूनही कमी भरतो. समुद्रातून येतो म्हणावं, तर समुद्र उलट आपण सोडलेल्यातला मोठा वाटा गिळतो आहे आणि त्यापायी त्याचं पाणी आम्लाकडे झुकतं आहे. जमाखर्च सरळ आहे. कोळसा, तेल आणि गॅस जाळून आपण दरवर्षी सुमारे ३,७०० कोटी टन वायू वर सोडतो, आणि हवेत दरवर्षी भर पडते ती त्याच्या साधारण निम्मी. खतावणीत गुन्हेगारासाठी दुसरा रकाना उरतच नाही. हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ३१५ भाग होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या पुढे होते. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे आठ लाख वर्षांपर्यंत मागे नेतात, आणि त्या सगळ्या काळात हा आकडा ३०० वरही गेलेला नाही. युगानुयुगांचं चक्र म्हणतात ते खरंच आहे, पण त्या चक्राचा एक फेरा हजारो वर्षांचा असतो. माझ्या वडिलांच्या जन्मापासून माझ्या निवृत्तीपर्यंत तो पुरा होत नाही.

सूर्याबद्दल एकच सांगतो, कारण नववीच्या मुलीलाही ते लगेच पटलं. सूर्य तापल्यामुळे हे घडत असतं तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा स्थितांबर थंड होतोय. कार्बन डायऑक्साइड ऊब अडवतो तो गोधडीसारखा: अंगावर गोधडी घेतली की आत ऊब राहते आणि गोधडीच्या बाहेर तेवढी पोचत नाही, त्यातलंच काहीसं. हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे यांनी १९६७ मध्येच गणिताने हे सांगितलं होतं, मोजमापं हाती येण्याच्या किती आधी! २०२१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे.

आता त्या "दोन मतां"कडे येतो. मतभेद आहेत, नाही असं नाही. ढग कसे वागतील, मोसमी पाऊस किती बदलेल, कुठल्या प्रदेशाला किती झळ बसेल, यावर शास्त्रज्ञ हमरीतुमरीवर येतात आणि यावंच. चुकाही झाल्या. हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात असं एक अत्यंत ढिसाळ विधान घुसलं होतं. २००९ मध्ये भारत सरकारसाठी भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांनी लिहिलेल्या टिपणाने वेगळं चित्र मांडलं, तेव्हा त्याची आधी हेटाळणी झाली, आणि २०१० च्या जानेवारीत समितीला चूक मान्य करावी लागली. मला त्या प्रकरणाचा तेव्हा राग आला होता, अजूनही येतो. पण एका पानावरची चूक सापडली म्हणून सगळं पुस्तक खोटं ठरवायचं असेल तर आमच्या पाठ्यपुस्तकांचं काय करायचं? त्याच समितीने २०२१ मध्ये माणसाच्या प्रभावामुळे वातावरण, समुद्र आणि जमीन तापली हे निर्विवाद म्हटलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी तापेल, हे गणित स्वीडनचे शास्त्रज्ञ अऱ्हेनिअस यांनी १८९६ मध्ये, मुंबईत प्लेगची साथ आली त्या वर्षी, मांडलं होतं. मूळ प्रश्नावर दोन मतं असण्याचे दिवस केव्हाच सरले.

परदेशी अहवाल म्हणून झटकून टाकायचीही सोय नाही. पुण्याच्या पाषाण भागातल्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केंद्र सरकारसाठी तयार केलेला अहवाल २०२० मध्ये आला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं आणि ते मुख्यतः हरितगृह वायूंमुळे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडसारख्या ऊब अडवणाऱ्या वायूंमुळे, असं त्यात आहे. जगाच्या मानाने आपली वाढ कमी दिसते, यावरही लोक बोट ठेवतात. तिचं एक कारण ऐकून मुलगी हसली. ज्या धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो त्यातूनच गंधकाचा धूरही निघतो आणि त्याचे बारीक कण ऊन परतवतात. घर जाळणाऱ्याने थोडी सावलीही करून दिली म्हणायची! फरक एवढाच की ते कण पावसासरशी काही दिवसांत खाली येतात, आणि वायूचा मोठा भाग शतकानुशतकं वर राहतो. म्हणजे आपण धूर स्वच्छ केला, आणि तो करायलाच हवा, की झाकलेली ऊब उघडी पडणार.

एक विसंगती आपल्यासारख्या राजकारणातल्या माणसाच्या चटकन लक्षात येईल. ज्या व्यासपीठांवर "हे निसर्गाचं चक्र" म्हणतात, त्याच व्यासपीठांवर दहा मिनिटांनी "हे पाश्चात्त्यांचं पाप, त्यांनी भरपाई द्यावी" असंही म्हणतात. दुसरं वाक्य बऱ्याच अंशी बरोबर आहे. आपल्याकडे माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत १४ टनांच्या आसपास. शंभर-दीडशे वर्षांची थकबाकी धरली तर अंतर आणखी वाढतं. पण चक्र निसर्गाचं असेल तर भरपाई कोणाकडून मागणार, सूर्याकडून? भारताने हवामान बदलाच्या १९९२ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्ये २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं (जेवढं सोडू तेवढं शोषून घेण्याचं) वचन दिलं, शर्म-अल-शेखच्या परिषदेत २०२२ मध्ये हानिभरपाई निधीसाठी विकसनशील देशांच्या बाजूने उभा राहिला. हे सगळं माणूस कारण आहे याच पायावर उभं आहे. आपल्या खात्याच्या नावातही "वातावरणीय बदल" हे शब्द आहेत.

म्हणून मागणी. खर्चिक नाही. २०१५ मध्ये केंद्राने औष्णिक केंद्रांसाठी धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं, पारा यांच्या मर्यादा ठरवल्या. कार्बन डायऑक्साइड त्या यादीत नाही. मर्यादा घालणं एकट्या आपल्या हातात नाही, मला कळतं. पण केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशातल्या वीज केंद्रांच्या कार्बन डायऑक्साइडचा केंद्रनिहाय हिशेब ठेवतं आणि तो प्रसिद्धही करतं. तो इंग्रजीत, तक्त्यांत पडून आहे. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, पारस, परळी, नाशिक, या प्रत्येक केंद्राच्या फाटकावर मराठीत एक फलक लावा: गेल्या वर्षी किती युनिट वीज झाली, किती टन कोळसा जळला, किती टन कार्बन डायऑक्साइड वर गेला. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो, म्हणजे आमचं २,९२० मेगावॉटचं केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर तासाला जवळपास २,९०० टन. आणि खाली एक ओळ: याने पृथ्वी तापते. बस. वीज बंद करा असं मी म्हणत नाही, हे पत्र मीही कुलरसमोर बसून लिहितो आहे आणि त्या कुलरला वीज कुठून येते ते मला माहीत आहे. या कोळशावर माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांची घरं चालली. पण कोळसा जळतो आमच्या दारात आणि त्याचा आकडा फक्त दिल्लीच्या तक्त्यात, हे बरं नाही.

फलक लागला तर त्या शाळेची सहल आधी तिथे नेईन. दगड बरोबर असेलच.

कळावे,
आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
चंद्रपूर

ता. क. मुलीने पेपरात "माणसामुळे" असंच लिहिलं. तिला त्याचे गुण मिळाले. कडुनिंबाचं रोप मात्र जगलं नाही, एप्रिलमध्ये त्याला पाणी घालायला कोणी नव्हतं.