आई, उतारावरच्या ब्रेकबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, माझ्या सायकलवरच्या घाटाच्या बेताबद्दल परवा फोनवर तू म्हणालीस ना, "चढाचं काही नाही गं, दमलीस तर उतरून चालशील, पण उतारावर ब्रेक लागले नाहीत तर?" मी तेव्हा घाईत काही होत नाही म्हणून विषय बदलला आणि मग रात्रभर तेच डोक्यात, कारण तू विचारलंस ते अगदी बरोबर होतं. म्हणून नीट लिहितेय.

आम्ही जातोय तो इटलीतला स्टेल्व्हियो घाट, 2757 मीटर उंच. पायथ्याच्या प्राटो गावाकडून चढलं की साधारण 24 किलोमीटर आणि 48 हेअरपिन, म्हणजे रस्ता पार उलटा फिरतो अशी वळणं, प्रत्येक वळणावर नंबर, खाली 48 आणि वर जाल तसा कमी होत जातो. बाबा, तुम्हाला हे आवडेल, हा रस्ता 1820 ते 1825 मधे ऑस्ट्रियाच्या राजवटीत बांधलाय, कार्लो डोनेगानी नावाच्या इंजिनियरने. चढ सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपास, पण मधे उसंत म्हणून नाही.

सायकल घेताना सगळे आधी वजन विचारतात, मी आधी गिअर बघितले. पुढची लहान चकती 34 दातांची आणि मागची सगळ्यात मोठीही 34 ची, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा, गुडघ्यांवर जोर न देता बसून दोन-तीन तास फिरवत राहता येतं. एक कार्बनची हलकी सायकल मनात भरली होती, पण ती एक साइज मोठी होती, हात ताणले जात होते आणि ब्रेकच्या लिव्हरवर बोटं पुरेशी पोचत नव्हती, म्हणून सोडून दिली. वाईट वाटलं, पण बरं केलं.

आता ब्रेक. मागच्या वर्षी मैत्रिणीच्या जुन्या सायकलवर, रिमला, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेला, रबर घासणारे ब्रेक होते त्या, मी एक लांब उतार सतत ब्रेक दाबून उतरले होते. खाली जळक्या रबराचा वास, रिमला बोट लावलं तर चटकाच बसला. ती उष्णता थेट ट्यूबपाशी जाते, फार तापलं तर ट्यूब फुटू शकते. तुम्हाला हे तेव्हा सांगितलं नव्हतं. आता घेतलीय ती हायड्रॉलिक डिस्कची, म्हणजे चाकाच्या मधोमध धातूची डिस्क असते आणि तेलाच्या दाबाने दोन पॅड तिला दोन्हीकडून धरतात, त्यामुळे उष्णता टायरपासून लांब राहते, तरी सतत दाबून ठेवायचे नाहीतच. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करायचा, मग सोडायचे आणि वळायचं. दर रविवारी एकाच उतारावर हेच करतेय, पुन्हा वर जाऊन पुन्हा खाली. पॅड नवीन आहेत म्हणून आधी वीसेक वेळा वेगात येऊन हळूहळू दाबून ते डिस्कवर बसवून घेतले, तोवर ते नीट धरतच नाहीत.

आणि थंडी. घाटमाथा पायथ्यापेक्षा दहा-बारा डिग्री तरी गार असतो आणि चढताना अंग घामाने भिजलेलं. बोटं गारठली तर चांगला ब्रेकही दाबता येत नाही, म्हणून लांब हातमोजे आणि विंडचीटर खिशात, माथ्यावर घालूनच खाली निघायचं.

बाबा, तुमचा 15 चा पाना मी मागच्या वेळी उचलून आणलाय, पेडल काढायला तोच लागतो. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो ते तुम्हीच दाखवलं होतंत. प्रवासासाठी सायकल बॉक्समधे भरताना चाकं काढली की ब्रेकच्या पॅडमधे प्लॅस्टिकचा तुकडा अडकवायचा, नाहीतर प्रवासात लिव्हर दाबला गेला तर पॅड चिकटून बसतात. तीन वेळा सगळी सायकल उघडून परत जोडली, आता तासाभरात होते.

आई, माथ्यावरून फोटो पाठवेन, पण फोन मात्र खाली उतरून आल्यावरच करेन. मधे दोन-तीन तास गेले तरी थांब.

तुमची लेक